मासाहिको हारादा: ९७.५, ७९.५ आणि १३७ मीटर

पाठवारा
जपानच्या स्की जंपर्सपैकी नोरिआकी कासाईबद्दल आणि रियोयू कोबायाशीबद्दल बरंच लिहिलं जातं. हारादाचं नाव निघतं ते मात्र दोन प्रसंगांपुरतंच. १९९४ ला लिलेहामरमध्ये हातातलं सुवर्ण घालवलं आणि १९९८ ला नागानोत ते परत मिळवलं, एवढ्यावर त्याचा विषय मिटतो. मधली सगळी कारकीर्द गळून जाते आणि तो नशिबाच्या झोक्यावर बसलेला माणूस वाटायला लागतो. हे मला पटत नाही, म्हणून हा धागा.

आधी सांगाडा मांडतो. जन्म १९६८, होक्काइदोतलं कामिकावा. स्नो ब्रँड या दूध कंपनीच्या संघाकडून खेळायचा. १९९२ आल्बेरव्हिलला लार्ज हिलवर (मोठी टेकडी; लहान ती नॉर्मल हिल) चौथा, सांघिक स्पर्धेतही जपान चौथा. १९९३ ला फालुनमध्ये नॉर्मल हिलचा विश्वविजेता, आंद्रेआस गोल्डबर्गर दुसरा. १९९४ लिलेहामर, सांघिक रौप्य. १९९७ ला ट्रॉन्डहाइममध्ये लार्ज हिलवर पुन्हा विश्वविजेता, शिवाय नॉर्मल हिलचं आणि सांघिक अशी दोन रौप्यं. १९९८ नागानो: सांघिक सुवर्ण, लार्ज हिलचं कांस्य. १९९९ ला रामसाऊच्या नॉर्मल हिलवर फुनाकी, मियाहिरा आणि हारादा असे तिन्ही जपानी पदक-मंचावर. विश्वचषकात वैयक्तिक ९ विजय. २००२ आणि २००६ धरून एकूण ५ ऑलिंपिक आणि मार्च २००६ मध्ये निवृत्ती.

दोनदा वैयक्तिक विश्वविजेता झालेल्या माणसाला 'दडपणाखाली कोसळणारा' म्हणणं बरोबर नाही. माझं म्हणणं असं की त्याच्या सगळ्यात लांब उड्या आणि सगळ्यात आखूड उड्या एकाच तंत्रातून आल्या आहेत. ते तंत्र आकड्यांसकट उलगडून बघू या. ज्याला जे पक्कं माहीत आहे त्याने भर घालावी.

अनुस्वार
छान विषय. लिलेहामरला हारादाला शेवटच्या उडीत '१०५ मीटर पुरेसे होते' असं सगळीकडे वाचायला मिळतं. हा आकडा येतो कुठून? उडीची लांबी आणि गुण यांचं गणित कुणी सोपं करून सांगेल का?

गुणपत्रक
सांगतो. एकदा समजलं की पुढचे सगळे आकडे आपोआप बोलायला लागतील.

प्रत्येक टेकडीला एक के-पॉइंट असतो, म्हणजे उतरण्याच्या उतारावरचा ठरलेला बिंदू. बरोबर तिथे उतरलात की अंतराचे ६० गुण. त्यापुढच्या प्रत्येक मीटरला अधिक गुण, अलीकडच्या प्रत्येक मीटरला वजा. नॉर्मल हिलवर (तेव्हा के ९०, म्हणजे के-पॉइंट ९० मीटरवर) मीटरला २ गुण, लार्ज हिलवर (के १२०) मीटरला १.८ गुण. शिवाय पाच पंच शैलीचे प्रत्येकी २० पैकी गुण देतात. त्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा काढून टाकायचा, उरलेल्या तिघांची बेरीज करायची. म्हणजे शैलीचे जास्तीत जास्त ६०. सांघिक स्पर्धेत चार जण, प्रत्येकाच्या दोन उड्या, आठही उड्यांची बेरीज. क्रिकेटसारखा एखादा वाईट डाव सोडून देता येत नाही, आठातली प्रत्येक उडी धरली जाते.

आता २२ फेब्रुवारी १९९४. अंतिम गुण: जर्मनी ९७०.१, जपान ९५६.९, ऑस्ट्रिया ९१८.९. फरक १३.२. भागिले १.८ केलं की ७.३ मीटर. उड्या अर्ध्या मीटरच्या टप्प्यात मोजतात, म्हणून ७.५ धरा. हारादाची उडी ९७.५ मीटर. अधिक ७.५ म्हणजे १०५. शैलीचे गुण तेवढेच राहिले असते असं गृहीत धरून हा आकडा येतो.

ही उडी किती आखूड होती ते बघा. ९७.५ म्हणजे के-पॉइंटच्या २२.५ मीटर आधी, अंतराचे फक्त १९.५ गुण. त्याच दिवशी पहिल्या फेरीत त्याने १२२ मीटर मारली होती, तिचे अंतराचे गुण ६३.६. दुसऱ्या फेरीत जपानचेच निशिकाता १३५, ओकाबे १३३. दोन्ही संघांचा शेवटचा एकेक जण उरला होता तेव्हा जपानकडे पन्नासहून जास्त गुणांची आघाडी होती. जर्मनीच्या येन्स व्हाइसफ्लोगने हारादाच्या आधी १३५.५ मारून ती बरीचशी खाल्ली, तरी १०५ पुरत होते.

शिवथर
हिशोब पटला. पण पाठवारा, तुम्ही दडपण अगदीच बाजूला सारताय. व्हाइसफ्लोगची उडी पडली तेव्हा हारादा वर होता आणि खालचा जर्मन जल्लोष त्याच्यापर्यंत पोचत होता. १२२ मारणारा माणूस त्याच टेकडीवर ९७.५ मारतो. हा तंत्राचा दोष म्हणायचा, तर पहिल्या फेरीत तो कुठे होता?

पाठवारा
शिवथर, दडपण नव्हतं असं मी म्हणत नाही. दडपण पायात कुठे उतरतं ते मला सांगायचंय. आणि हारादाच्या बाबतीत ते नेमकं टेबलावर उतरतं.

लार्ज हिलवर टेबलाच्या कडेला वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे सेकंदाला २५ मीटर. उतारावरून येताना वळणाचा भाग संपतो आणि शेवटचे साधारण साडेसहा-सात मीटर सरळ असतात, त्यालाच टेबल म्हणतात. हे टेबल वर झुकलेलं नसतं, उलट दहा-अकरा अंश खालीच उतरतं. टीव्हीवर उडी वरच्या दिशेने गेल्यासारखी वाटते ती फक्त पायांनी मारलेल्या जोरामुळे. बसलेल्या स्थितीतून पूर्ण उभं व्हायला साधारण ०.३ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तुम्ही सात-साडेसात मीटर पुढे गेलेले असता. म्हणजे सगळा जोर टेबलाच्या लांबीतच बसवायचा, आणि पाय पूर्ण ताठ व्हायचा क्षण व टेबलाची कड एकाच जागी यायला हवेत.

एका सेकंदाच्या शंभराव्या भागात २५ सेंटीमीटर जातात. दोन शतांश उशीर झाला की अर्धा मीटर निघून गेला. मग शेवटचा जोर कडेच्या पलीकडे, हवेत मारला जातो. पायाखाली काही नसताना मारलेला जोर वायाच. उलट लवकर उठलात तर कडेआधीच छाती वाऱ्याला उघडी पडते, वेग मोडतो आणि शरीर स्कीवर झोपायला उशीर होतो.

हे सगळ्यांनाच लागू आहे. पण फुनाकीसारखा उडणारा टेबलावरून सपाट, पुढे निघतो. वर जाण्यावर त्याचा भर कमी, स्कीच्या मध्ये लवकर आडवं होऊन हवेवर तरंगण्यावर जास्त. त्याची वेळ थोडी चुकली तर पाच-सात मीटर जातात. हारादाची शैली उलटी. तो टेबलावरून जवळजवळ उसळायचा, इतरांपेक्षा उंच जायचा आणि टेकडीच्या खालच्या भागात वरून खाली पडल्यासारखा उतरायचा. सगळं भांडवल त्या ०.३ सेकंदाच्या जोरात. वेळ बरोबर बसली की १३६-१३७. नाही बसली की उंचीही नाही आणि सपाट तरंगणंही नाही, कारण शरीर अजून उभंच असतं. अशी उडी पाच मीटरने आखूड पडत नाही, वीस-पंचवीस मीटरने पडते.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: तोच दोष पहिल्या फेरीतही शक्यतेच्या रूपात होता. दडपणाने स्नायू एक क्षण आवळले की फुनाकीच्या शैलीत त्याची किंमत थोडी, हारादाच्या शैलीत प्रचंड.

शिवथर
हे मान्य. 'किंमत' हा शब्द बरोबर आहे.

मीनाक्षी_क
जपानी लोक टेकऑफला 'सात्सु' म्हणतात, जर्मन 'झात्स'वरून. तिकडच्या चर्चेत हारादाचा विषय निघाला की हा शब्द हटकून येतोच. म्हणजे पाठवारा सांगताहेत तो मुद्दा तिथेही सर्वांना ठाऊक आहे.

तळटीप
आता नागानो. लोक थेट सांघिक स्पर्धेवर उडी मारतात, पण आधीच्या दोन वैयक्तिक स्पर्धांत हारादा पुरता दिसतो. टेकडी नागानोजवळच्या हाकुबाची.

नॉर्मल हिल, ११ फेब्रुवारी. पहिल्या फेरीनंतर हारादा पहिला, ९१.५ मीटर. दुसऱ्या फेरीत ८४.५ आणि थेट पाचवा. सात मीटर गेले म्हणजे अंतराचेच १४ गुण गेले. त्या दिवशी फिनलंडचा सोइनिनेन २३४.५, फुनाकी २३३.५, ऑस्ट्रियाचा विडहोल्त्झ्ल २३२.५. सुवर्ण आणि कांस्य यांत २ गुण, के ९० वर बरोबर एक मीटर! अशा गर्दीत सात मीटर म्हणजे फार झालं.

लार्ज हिल, १५ फेब्रुवारी. इथला निकाल शाळेत गणित म्हणून शिकवावा असा आहे:

फुनाकी १२६ आणि १३२.५, एकूण २७२.३
सोइनिनेन १२९.५ आणि १२६.५, एकूण २६०.८
हारादा १२० आणि १३६, एकूण २५८.३
विडहोल्त्झ्ल १३१ आणि १२०.५, एकूण २५८.२

सोइनिनेन आणि हारादा यांच्या दोन उड्यांची बेरीज करून बघा.

अनुस्वार
दोघांचीही २५६!

गुणपत्रक
बरोबर. म्हणजे रौप्य आणि कांस्य यांतले अडीच गुण संपूर्णपणे शैलीचे. अंतराचे गुण वजा केले की शैलीचे उरतात ते असे: फुनाकी ११९, विडहोल्त्झ्ल ११७.५, सोइनिनेन ११२, हारादा १०९.५. फुनाकीच्या दुसऱ्या उडीला पाचही पंचांनी पूर्ण २० दिले होते, ते ६० याच ११९ मध्ये आहेत.

चौथ्या नंबरकडेही बघा. हारादा विडहोल्त्झ्लपेक्षा साडेचार मीटर पुढे, म्हणजे ८.१ गुणांनी. शैलीत मागे ८ गुणांनी. शिल्लक ०.१. हारादाचं एकमेव वैयक्तिक ऑलिंपिक पदक या एक दशांशावर उभं आहे. दुसरी उडी अर्धा मीटर आखूड मोजली असती तर ०.९ गुण गेले असते आणि तो चौथा राहिला असता.

तळटीप
आणि नेमकी तीच उडी मोजायला यंत्र अपुरं पडलं होतं. व्हिडिओने अंतर मोजायची जी व्यवस्था होती तिच्या पट्ट्याच्या पलीकडे तो उतरला. माणसांनी जागेवर मोजेपर्यंत फलकावर आकडा येईना. खाली उभा असलेला हारादा, प्रेक्षक, सगळे ताटकळले. मग १३६ लागले.

मीनाक्षी_क
हारादाचे शैलीगुण कमी का, हेही त्याच तंत्रातून येतं.

उतरतानाचा टेलिमार्क म्हणजे एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, हात बाजूला पसरून तोल. तो नसेल तर प्रत्येक पंच गुण कापतो. उतरण्याचा उतार के-पॉइंटपर्यंत तीव्रच असतो आणि उतरणारा माणूस त्या उताराला जवळजवळ समांतर येतो, म्हणून धक्का कमी बसतो. के-पॉइंटच्या खूप पुढे गेलात की जमीन सपाट होत जाते. तोच वेग, पण आता जमिनीशी कोन वाढलेला. धक्का अचानक कितीतरी मोठा होतो. अशा वेळी पाय पुढेमागे करून उतरणं म्हणजे पुढच्या गुडघ्यावर सगळं घेणं. बहुतेक जण दोन्ही पाय जोडून खाली बसतात आणि गुण सोडून देतात.

हारादा वरून येणारा, त्यामुळे इतर जण १३२ वर जेवढ्या कोनात उतरतील त्याहून त्याचा कोन आणखी वाईट. उंची त्याला लांबी द्यायची आणि तीच उंची शेवटी शैलीचे गुण खायची.

कडेलोट
सांघिक स्पर्धेत पहिली फेरी बर्फामुळे रद्द झाली आणि म्हणून जपान वाचला ना? ७९.५ ची उडी मोजलीच गेली नाही असं वाचल्याचं आठवतं.

तळटीप
नाही, हे चुकीचं आहे आणि बऱ्याच ठिकाणी असंच पसरलंय. दोन्ही फेऱ्या मोजल्या गेल्या. १७ फेब्रुवारी १९९८, क्रम ओकाबे, साइतो, हारादा, फुनाकी.

पहिली फेरी: १२१.५, १३०, ७९.५, ११८.५.
दुसरी फेरी: १३७, १२४, १३७, १२५.

जपान ९३३.०, जर्मनी ८९७.४, ऑस्ट्रिया ८८१.५. ही आठही अंतरं जोडली की ९७२.५ मीटर. के-पॉइंटच्या आठपटीपेक्षा साडेबारा मीटर जास्त, म्हणजे अंतराचे ५०२.५ गुण. उरलेले ४३०.५ शैलीचे. ७९.५ काढून टाकलीत तर हा ताळा जमतच नाही.

अनुस्वार
मग ७९.५ ला अंतराचे गुण किती? ६० मधून ४०.५ गुणिले १.८...

गुणपत्रक
उणे १२.९. अंतराचे गुण शून्याच्याही खाली गेले. शैलीच्या गुणांनीच त्या उडीला थोडंफार सावरलं. त्याच्या १३७ च्या उडीचे अंतराचे गुण ९०.६. एकाच माणसाच्या, एकाच दिवसाच्या, एकाच टेकडीवरच्या दोन उड्यांत १०३.५ गुणांचा फरक!

पाठवारा
आता ७९.५ का झाली. लिलेहामरची पुनरावृत्ती म्हणून सगळे मोकळे होतात, पण ही उडी वेगळी आहे. दाट बर्फ पडत होता. उतरणीवर स्की ज्या दोन खाचांतून धावतात त्यांत ताजा बर्फ साचला की घर्षण वाढतं आणि टेबलावरचा वेग पडतो. वेग पडला की दोन गोष्टी होतात. स्कीखालच्या हवेचा आधार कमी मिळतो, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. आणि दुसरं म्हणजे शरीराला सवयीने माहीत असलेली वेळ चुकते. मेंदू ९० च्या वेगाच्या हिशोबाने पाय ताठ करतो, पण कड अजून आलेली नसते. उसळून उडणाऱ्याला याचा फटका सर्वांत जास्त.

शिवाय नशीब असं की अशा बर्फात दोन उडणाऱ्यांमधल्या वेळेवर सगळं ठरतं. तुमच्या आधीचा नुकताच गेला असेल तर खाच मोकळी. मध्ये वाऱ्यासाठी थांबवलं तर तेवढ्यात नवा थर बसतो.

शिवथर
हल्ली वाऱ्याचे गुण असतात, गेट (धाव सुरू करायची जागा) खालीवर केल्याचे असतात. तेव्हा असते तर?

गुणपत्रक
वाऱ्याची आणि गेटची भरपाई २०१० च्या सुमारास आली. आपल्याकडच्या लोकांना डकवर्थ-लुईस म्हटलं की लगेच कळेल. समोरून वारा मिळाला तर गुण कापायचे, पाठीमागून आला तर द्यायचे. गेट खाली नेल्यामुळे वेग कमी झाला तर त्याचेही द्यायचे. पण खाचेत साचलेल्या बर्फाची भरपाई आजही नाही. आज खाचा बर्फाच्या कडक थराने बनवतात, यंत्राने गार ठेवतात आणि साफ करतात, म्हणून प्रश्न कमी झालाय एवढंच. तेव्हा हारादाला आजच्या नियमांनीही फारसं काही मिळालं नसतं.

तळटीप
पहिल्या फेरीनंतर जपान चौथा, ऑस्ट्रिया १३.६ गुणांनी पुढे. १३.६ म्हणजे साडेसात मीटर. लिलेहामरचं अंतर साडेसात, इथलंही साडेसात. हा योगायोग माझ्या डोक्यातून जात नाही.

दुसरी फेरी झाली नसती तर पहिल्या फेरीचा निकाल हाच अंतिम निकाल. रणजीत पहिल्या डावाच्या आघाडीवर सामना जातो तसंच. जपान चौथा, पदक नाही.

आणि इथे २५ टेस्ट जंपर येतात. स्पर्धेआधी आणि थांबलेल्या वेळेत उडून खाच मोकळी ठेवणं, उतरण्याची जागा दाबली जाणं, वेग किती मिळतोय ते पंचमंडळाला कळणं, हे त्यांचं काम. त्या दिवशी ठरलं ते असं: सगळे २५ जण सुरक्षित उतरले तर फेरी पुढे चालेल. त्यांच्यापैकी कुणी पडला असता तर तिथेच संपलं असतं. ते भर बर्फात एकामागून एक उडाले. त्यांच्यात ऐकू न येणारा एक उडणारा होता, एक मुलगीही होती. त्या काळी बायकांच्या स्की जंपिंगला ऑलिंपिकमध्ये जागा नव्हती, ती २०१४ ला मिळाली. शेवटचा, पंचविसावा, जिन्या निशिकाता. लिलेहामरला १३५ मारून हारादाच्या उडीमुळे रौप्यावर थांबलेला निशिकाता. त्याने १२३ मीटर मारली, के-पॉइंटच्या पुढे. टेस्ट जंपरने के-पॉइंट ओलांडला म्हणजे टेकडी स्पर्धेच्या लायक आहे, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

मीनाक्षी_क
त्या दिवशी हारादाच्या अंगात निशिकाताचा आतला शर्ट होता आणि हातात कासाईचे हातमोजे. कासाई लिलेहामरच्या चौघांत होता, नागानोच्या चौघांत निवडला गेला नाही. तो पुढे २०१८ पर्यंत एकूण आठ ऑलिंपिक खेळला, २०१४ ला सोचीत ४१ व्या वर्षी लार्ज हिलचं रौप्य मिळवलं, पण सुवर्ण राहिलंच. त्याच्या हातमोज्यांना मात्र एका सुवर्णाच्या उडीत जागा मिळाली. हे लिहितानाही गळा दाटतो.

शिवथर
मग दुसऱ्या फेरीत हारादाने १३७ मारली तेव्हा दडपण कुठे गेलं? लिलेहामर पाठीशी, ७९.५ तासाभरापूर्वीचे. हा प्रश्न मी आता उलट बाजूने विचारतोय. तुमचं तंत्राचं म्हणणं मला पटलंय, तरी त्या उडीला तंत्रापलीकडचं काहीतरी लागलं असणार.

पाठवारा
लागलंच. सोपा मार्ग त्याच्यापुढे होता. जोर थोडा राखून, सपाट निघून ११५-१२० ची सुरक्षित उडी मारायची. ओकाबेच्या १३७ नंतर अशी उडी वाईट ठरली नसती. तो तसा उडला नाही. नेहमीसारखा पूर्ण उसळला, ज्या उडीने चार वर्षांपूर्वी आणि त्याच सकाळी दगा दिला तीच उडी मारली. याला मी धैर्य म्हणतो. त्याच्यानंतर फुनाकी १२५ आणि सुवर्ण पक्कं.

कडेलोट
चूक दाखवून दिल्याबद्दल आभार. अजून एक शंका. नागानोनंतर जपानला रोखण्यासाठी स्कीच्या लांबीचा नियम बदलला असं म्हणतात. हारादाची घसरण त्यामुळे का?

गुणपत्रक
हे करून बघू. जुना नियम: उंची अधिक ८० सेंटीमीटर. नवा नियम, १९९८-९९ पासून: उंचीच्या १४६ टक्के (आता १४५). दोन्ही कुठे सारखे येतात? उंचीचे ४६ टक्के बरोबर ८०, म्हणजे उंची साधारण १७४ सेंटीमीटर.

१६५ सेंटीमीटरच्या माणसाची स्की २४५ वरून २४१ झाली, चार सेंटीमीटर गेले. १८५ च्या माणसाची २६५ वरून २७० झाली, पाच मिळाले. ओकाबे १६५ चा, त्याला थेट फटका. हारादा जवळजवळ बरोबर १७४ च्या रेषेवर, त्याच्या स्कीत फरक नगण्य. मात्र त्याच्या उंच प्रतिस्पर्ध्यांच्या स्की लांबल्या, तेवढा तो सापेक्ष मागे पडला. स्की लांब म्हणजे हवेवर टेकणारं क्षेत्र जास्त, उडीच्या दुसऱ्या अर्ध्यात ते मीटर देतं. नियम जपानविरोधी होता का यावर वाद घालता येईल, पण तो बुटक्यांविरुद्ध होता यात वाद नाही. आणि १९९९ ला रामसाऊत याच नव्या नियमाखाली तिन्ही पदकं जपानची, हेही लक्षात घ्या. हारादाचं वय तेव्हा तिशीच्या पुढे गेलं होतं, पायांच्या जोरावर उडणाऱ्याला वय लवकर गाठतं.

अनुस्वार
आणि २००६ ची बाद होण्याची गोष्ट? तीही स्कीच्या लांबीचीच ना?

गुणपत्रक
स्कीची आणि वजनाची. २००४ च्या सुमारास बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाची) अट आली. उडणारे जीवघेणं वजन उतरवायला लागले होते, त्याला आळा घालण्यासाठी. तेव्हाची अट अशी होती: सूट आणि बूट घालून बीएमआय किमान २० असेल तरच १४६ टक्क्यांची पूर्ण लांबी वापरता येईल. वजन त्याखाली असेल तर ठरलेल्या तक्त्याप्रमाणे स्की आखूड करायची. म्हणजे हलकं राहण्याचा फायदा स्कीत कापून घ्यायचा.

तपासणी उडीनंतर होते. वजनकाट्यावर उभं राहायचं, स्कीची लांबी मोजायची, तक्त्याशी ताडून बघायचं. तोरिनो ऑलिंपिकच्या नॉर्मल हिलच्या पात्रता फेरीनंतर हारादाचं वजन त्याच्या स्कीच्या लांबीसाठी लागणाऱ्या वजनापेक्षा २०० ग्रॅम कमी भरलं. पेलाभर पाणी! बाद.

मीनाक्षी_क
व्यवहारात हे असं घडतं: सकाळी वजन बरोबर असतं, मग थंडीत तास-दोन तास, दोनदा लघवीला जाणं, पाणी कमी पिणं, आणि काट्यावर शे-दोनशे ग्रॅम सहज कमी. म्हणून अटीच्या अगदी काठावर स्की निवडायची नाही. अर्धा किलो तरी फरक राखायचा किंवा एक सेंटीमीटर आखूड स्की घ्यायची. एका सेंटीमीटरने जे अंतर जातं ते भरून निघतं, बाद झालात की सगळंच जातं.

शिवथर
पाठवारा, शेवटचं एक. या उड्यांचे व्हिडिओ परत बघणार आहे. टेबलावर नेमकं काय पाहायचं?

पाठवारा
वेग चौथाई करा. बाजूने घेतलेलं चित्र निवडा, समोरून घेतलेल्यात वेळ कळत नाही.

कडेच्या चित्रावर थांबवा. पायाची बोटं कडेवर असताना गुडघे पूर्ण सरळ झाले असतील तर वेळ बरोबर. गुडघ्यात अजून वाक दिसला तर उशीर. गुडघे कडेआधीच सरळ आणि छाती उभी असेल तर घाई. मग दहा-पंधरा मीटर पुढचं चित्र: स्कीची टोकं चेहऱ्याकडे आली का, की अजून खाली लोंबताहेत? चांगल्या उडीत इथपर्यंत शरीर पुढे झुकून स्कीच्या मध्ये आलेलं असतं. तिसरी जागा टेकडीच्या मध्यावर, तो जमिनीपासून किती वर आहे ते. इथे हारादा आणि फुनाकी शेजारी ठेवून बघा. फुनाकी उताराला घासून जातोय असं वाटेल, हारादा त्याच्या डोक्यावरून.

आधी नागानोची लार्ज हिलची १३६ बघा, मग सांघिकची ७९.५, मग १३७. लिलेहामरची ९७.५ सर्वांत शेवटी. त्या उडीनंतर तो खाली डोकं धरून बसतो तेवढं दृश्यच बहुतेक जण बघतात. तुम्ही टेबलावर थांबवा.